एका कारकुनाची सुट्टी

बँकेतून निवृत्त झालो त्या संध्याकाळी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ घेऊन मी घरी आलो. जन्मभर घड्याळाकडे बघत नोकरी केलेल्या माणसाला निरोपाला घड्याळच का देतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. सोमवारी सकाळी सवयीने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि जायचे कुठे, हेच कळेना. तेव्हा मला चार्ल्स लॅम्ब आठवला. कॉलेजात त्याचे निबंध परीक्षेपुरते वाचले होते. आता मात्र तो आपल्याच खात्यातला ज्येष्ठ सहकारी वाटू लागला.

कारण इंग्रजीतल्या या लाडक्या निबंधकाराने तेहेतीस वर्षे केली ती कारकुनीच, आणि तीही ईस्ट इंडिया कंपनीची! 1792 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीत तो हिशेबखात्यात लागला. चहा, नीळ, रेशीम आणि कापडाचे आकडे वह्यांत उतरवायचे, हे त्याचे काम. ज्या हिंदुस्थानचा माल तो जमाखर्चात मांडत होता, तो देश त्याने कधी पाहिला नाही. 1818 साली इकडे पेशवाई बुडाली आणि त्याच वर्षी तिकडे कंपनीच्या या कारकुनाच्या लेखनाचे दोन खंड निघाले. इतिहास असा शेजारीशेजारी बसलेला असतो.

पण लॅम्बच्या आयुष्याला वळण लावले ते कचेरीने नव्हे, घरातल्या एका दुपारने. वडील भ्रमिष्ट झालेले, आई अंथरुणाला खिळलेली, आणि थोरली बहीण मेरी शिवणकाम करून दोघांची शुश्रूषा करीत होती. 22 सप्टेंबर 1796 रोजी तिच्या मनाचा तोल गेला आणि वेडाच्या झटक्यात तिच्या हातून आईची हत्या झाली. तिच्या हातातली सुरी चार्ल्सने काढून घेतली. तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याच्या आदल्याच हिवाळ्यात त्यानेही सहा आठवडे वेड्यांच्या इस्पितळात काढले होते. मेरीला जन्मभर कोंडून ठेवू नये म्हणून त्याने तिची जबाबदारी स्वतःवर घेतली. लग्न केले नाही. पुढे वडील गेल्यावर बहीणभाऊ अखेरपर्यंत एकत्र राहिले. मेरीचे दुखणे अधूनमधून उलटे. चाहूल लागली, की दोघे रडत रडत, हातात हात घालून इस्पितळाकडे पायी निघत. बरी झाली, की तो तिला परत आणी. बरी असताना हीच मेरी भावाच्या बरोबरीने लिहीत असे. शेक्सपिअरच्या नाटकांच्या त्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी 1807 साली आल्या आणि त्या आजही वाचल्या जातात.

हे सारे ठाऊक असले, की लॅम्बच्या घरच्या बैठकींचे मोल कळते. आठवड्यातून एकदा, आधी बुधवारी आणि पुढे गुरुवारी, मित्र जमत. थंड गोमांस, बिअर, तंबाखूचा धूर आणि व्हिस्टचा डाव. कॅप्टन कुकबरोबर समुद्र पालथा घातलेले बर्नी यायचे, हॅझलिट यायचा, गावात असला तर वर्डस्वर्थही. लॅम्ब बोलताना अडखळे, पण त्या अडखळण्यातूनच एखादी कोटी अशी सुटे, की सगळी खोली हसे. दारूचा घोट त्याला अंमळ जास्तच प्रिय होता, हेही सांगितले पाहिजे. तो देवमाणूस नव्हता. घरात दुःख मुक्कामाला असताना आठवड्यातली एक संध्याकाळ त्याने आनंदासाठी राखून ठेवली होती, इतकेच.

आणि होता कोलरिज. दोघांची मैत्री शाळेपासूनची. 1794च्या हिवाळ्यात एका मद्यालयात रात्र रात्र बसून दोघे कवितेवर बोलत. पुढे आठवडाभराची रजा मिळाली, तेव्हा 1797च्या जुलैत लॅम्ब त्याच्या खेड्यातल्या घरी गेला. नेमके उकळते दूध पायावर सांडल्याने कोलरिज घरी अडकला, आणि पाहुणे त्याला मागे ठेवून डोंगर हिंडले. पुढच्या वर्षी दोघांचे बिनसले, पण मने पुन्हा जुळली. 1802 साली बहिणीला घेऊन लॅम्ब तीन आठवडे त्याच्याकडे राहिला आणि जन्मभर शहरात राहिलेला हा माणूस स्किडॉ पर्वत चढून आला. दोन रजा आणि हाती लागल्या दोन भेटी, पण त्या त्याला पुढे वर्षानुवर्षे पुरल्या.

29 मार्च 1825 रोजी, पन्नासाव्या वर्षी, प्रकृतीच्या कारणावरून लॅम्ब निवृत्त झाला. पेन्शन वर्षाला 450 पौंड, त्यातले नऊ मेरीच्या तरतुदीसाठी कापलेले. हाती रोजचा रविवार आला आणि हा गृहस्थ बावरला! पुढच्या वर्षी ब्रिटिश म्युझियममध्ये जुनी नाटके वाचायला जाऊ लागला, तर वेळ ठेवली दहा ते चार, थेट कचेरीची. हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. माझ्या अंगावरचा इस्त्रीचा शर्ट मला आठवला.

लॅम्ब आधी एनफिल्डला आणि मग एडमंटनला राहायला गेला. लंडन दूर पडले, बैठकी विरळ झाल्या. जुलै 1834 मध्ये कोलरिज वारला. कोलरिज गेला, हे त्यानंतर लॅम्ब बोलताबोलता पुनःपुन्हा स्वतःशी म्हणे, असे मित्रांनी नोंदवले आहे. डिसेंबरात रस्त्यात पडून त्याच्या चेहऱ्याला खरचटले, ते चिघळले, आणि 27 तारखेला तोही गेला. मेरी आणखी बारा वर्षे जगली. आज दोघे एडमंटनच्या एकाच कबरीत आहेत.

आपण सगळे सुख निवृत्तीच्या खात्यात मुदत ठेवीसारखे ठेवतो. लॅम्बने ते दर आठवड्याला, सुट्या नाण्यांत खर्च केले. म्हणून मोकळा वेळ हाती आला आणि मित्र एकेक करून गेले, तेव्हा त्याच्यापाशी आठवणींची शिल्लक तरी होती.

सांगलीला माझा एक शाळासोबती आहे. क्लोजिंग संपले की येतो, असे मी त्याला वीस वर्षे सांगत आलो होतो. लॅम्ब वाचून झाल्यावर गाडी पकडली. त्याचा हात आता थरथरतो, म्हणून बशीत चहा मी ओतला. भडंग मधे ठेवून आम्ही चौथीतल्या मास्तरांपासून सुरुवात केली. उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

निरोपाचे घड्याळ माझ्या घरी भिंतीवर आहे. दर गुरुवारी पाच वाजले, की मी चपला घालतो.