एमिलीचा पियानो

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत घरात पियानो असणं म्हणजे मोठी प्रतिष्ठा. पण मैफलीतला तो ऐसपैस पियानो साध्या दिवाणखान्यात कुठला मावायला! म्हणून घरोघरी आले चौकोनी पियानो. लांबट लाकडी पेटी, आत आडव्या ताणलेल्या तारा आणि खाली भक्कम पाय. झाकण लावलं की टेबलच वाटावं. हवा बदलली की लाकूड फुगायचं, आकसायचं आणि सूर उतरायचे. त्यावर उपाय म्हणून बोस्टनच्या आल्फियस बॅबकॉक या कारागिराने १८२५ मध्ये चौकोनी पियानोसाठी ओतीव लोखंडी सांगाड्याचं पेटंट घेतलं.

असाच एक चौकोनी पियानो १८४५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ॲमहर्स्ट गावी, वकील एडवर्ड डिकिन्सन यांच्या घरी आला. बोस्टनच्याच ‘हॅलेट, डेव्हिस’ कंपनीचा. त्यांची मुलगी एमिली तेव्हा चौदा वर्षांची होती. होय, हीच ती कवयित्री एमिली डिकिन्सन!

तिचा जन्म १० डिसेंबर १८३०चा. ऑस्टिन हा मोठा भाऊ, लव्हिनिया ही धाकटी बहीण. चांगल्या घरच्या मुलीला पाहुण्यांसमोर दोन-चार गाणी वाजवता आली पाहिजेत, असा तो काळ. एमिलीही मन लावून शिकली. जमवलेली स्वरलिपीची पानं तिनं एकत्र बांधून घेतली होती. १८४७-४८ मध्ये ती माउंट होल्योकच्या शाळेत शिकायला गेली, पण वर्षभरातच घरी परतली.

१८५५ मध्ये कुटुंब पुन्हा आपल्या जुन्या, वडिलोपार्जित घरात राहायला आलं. आई सतत आजारी, त्यामुळे घर दोघी बहिणींवर पडलं. वडिलांना पाव एमिलीच्याच हातचा लागायचा. १८५६ मध्ये गावच्या प्रदर्शनात तिच्या पावाला दुसरं बक्षीसही मिळालं. दिवस असा कामात जायचा. पियानोजवळ ती बसायची ती रात्री, सगळे झोपल्यावर. घरी मुक्कामाला आलेल्या एका नातेवाइकाने रात्री जाग आल्यावर तिचं वादन ऐकल्याची आठवण सांगून ठेवली आहे. ती वाजवायची ते पुस्तकातलं नव्हे, तर स्वतःला सुचलेलं.

हळूहळू तिनं लोकांत जाणं सोडलं. पांढरा पोशाख घालून ती घरातच राहू लागली. प्रार्थनागीतांच्या ठेक्यावर चालणाऱ्या छोट्या छोट्या कविता लिहायची. कागद दुमडून, सुई-दोऱ्याने शिवून तिनं चाळीस वह्या केल्या. काही ओळी तर पाकिटांच्या मागे, एक कविता खोबऱ्याच्या केकच्या कृतीमागे! जवळजवळ १,८०० कविता, पण हयातीत छापल्या गेल्या जेमतेम दहा, त्याही निनावी.

१८८२ मध्ये मेबल टॉड ही गावातल्या एका प्राध्यापकांची पत्नी डिकिन्सनांकडे आली. दिवाणखान्यात ती पियानोवर गायली. एमिली समोर आलीच नाही. बाहेरच्या अंधाऱ्या जागेत उभी राहून तिनं गाणं ऐकलं आणि आतून शेरीचा एक पेला व एक कविता पाठवली. पुढेही दोघींची समोरासमोर भेट कधीच झाली नाही.

१५ मे १८८६ रोजी एमिली गेली. बहिणीच्या इच्छेप्रमाणे लव्हिनियाने तिला आलेली पत्रं जाळली. मग हाती लागल्या त्या कविता. त्यांचं काय करायचं, हे एमिलीने सांगितलेलं नव्हतं. लव्हिनिया काही कवितेतली जाणकार नव्हे. पण हे नष्ट करायचं नाही, एवढं तिला पक्कं कळलं. आधी तिनं कविता वहिनी सुझनकडे दिल्या. तिथे काम पुढे सरकेना, तेव्हा ती मेबलकडे गेली. मेबलने ते अवघड अक्षर लावत एकेक कविता उतरवली आणि १८९० मध्ये पहिलं पुस्तक निघालं. त्यात संपादकांनी शब्द बदलले, विरामचिन्हं ‘सुधारली’. मूळ रूपातला संग्रह यायला १९५५ साल उजाडलं.

ॲमहर्स्टचं ते घर आता संग्रहालय आहे. पियानो मात्र हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात जपलेला आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत, पण रात्री तिनं काय वाजवलं ते आज कुणालाच ठाऊक नाही, कारण ते कागदावर उतरलंच नाही. कविता मात्र उरल्या. त्या लिहिलेल्या होत्या, आणि एका बहिणीने त्या चुलीत घातल्या नाहीत.

मैत्रिणींनो, एमिलीइतकंच मला लव्हिनियाचं मोठेपण वाटतं. बचत गटाच्या कामात मी अशा कितीतरी बायका पाहते, ज्यांच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर गाणी लिहिलेली असतात. विचारलं तर लाजून वही मिटतात. प्रत्येकीत एमिली असेलच असं नाही. पण आई-आजीची जुनी ट्रंक रिकामी करताना रद्दीचा गठ्ठा बांधण्याआधी ती वही एकदा उघडून बघायला काय हरकत आहे?