ज्यानं बुद्धी मोजायची टेस्ट काढली, त्यालाच पोरांवर शिक्का मारणं मान्य नव्हतं

आयक्यू किती, हा प्रश्न आज मजेमजेत विचारला जातो. पण या आकड्याच्या मुळाशी जो माणूस आहे, त्यानं हा आकडा काढलाच नव्हता. उलट बुद्धीला एका आकड्यात बसवायला त्याचा विरोध होता. त्याचं नाव आल्फ्रेद बिने.

बिनेचा जन्म 1857 चा, नीस शहरातला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईवडील वेगळे झाले आणि आई त्याला घेऊन पॅरिसला आली. त्यानं 1878 मध्ये वकिलीची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. मग डॉक्टरकीचा नाद केला, तोही अर्धवट सोडला. लायब्ररीत बसून पुस्तकं वाचता वाचता तो स्वतःच मानसशास्त्र शिकला.

पुढं शार्को या गाजलेल्या डॉक्टरच्या हाताखाली साल्पेट्रिएर हॉस्पिटलमध्ये त्याला काम मिळालं. तिथं त्यानं आणि एका सहकाऱ्यानं जाहीर केलं की, संमोहित पेशंटजवळ लोहचुंबक फिरवला की लक्षणं शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडं जातात.

पण बेल्जियमच्या देलबफ यांनी या दाव्यातली हवाच काढून घेतली. चुंबकात काही दम नव्हता, डॉक्टरांना काय हवंय हे पेशंटना आधीच कळत होतं. बिनेला चारचौघात चूक कबूल करावी लागली. शार्कोंची साथ सुटली. पण तपासणाऱ्याच्या अपेक्षेमुळं निकाल कसा बदलतो, हा धडा तो आयुष्यभर विसरला नाही.

यानंतर त्याची प्रयोगशाळा झाली त्याचं घर. मादलेन आणि आलीस या आपल्या दोन मुलींचं तो निरीक्षण करायला लागला. एक चालायला शिकताना जपून पाऊल टाकायची, दुसरी बिनधास्त निघायची. एकाच घरातल्या दोन पोरी, पण विचार करायची पद्धत वेगळी. स्वभाव आणि बुद्धी एका साच्यात बसत नाही, हे त्याला इथं दिसलं.

1891 मध्ये तो सोरबॉनच्या प्रयोगशाळेत रुजू झाला, तेही बिनपगारी. शाळकरी पोरांची डोकी मोजून बुद्धी कळते का, हेही त्यानं तपासलं. फरक इतके किरकोळ निघाले की त्यानं तो नाद सोडला.

दरम्यान 1882 पासून फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं होतं. सगळी पोरं वर्गात आली आणि काही मागं पडायला लागली. 1904 मध्ये सरकारनं समिती नेमली, त्यात बिने होता. प्रश्न असा होता की, वेगळ्या वर्गाची गरज नेमकी कुणाला, हे ठरवायचं कसं? शिक्षकांवर सोडलं तर नुसत्या खोडकर पोराचीही पाठवणी व्हायची भीती.

मग 1905 मध्ये बिने आणि तेओदोर सिमों यांनी 30 कामांची चाचणी काढली. पेटत्या काडीकडं नजर फिरवणं इथून सुरुवात. पुढं आकडे ऐकून पुन्हा म्हणणं, शब्दांचे अर्थ सांगणं, असं अवघड होत जायचं. 1908 मध्ये ही कामं वयानुसार लावली आणि त्यातून मानसिक वय ही कल्पना आली.

बिनेचं म्हणणं सरळ होतं. चाचणी आज मदत कुणाला हवी ते सांगते, पोराचं भविष्य नाही. सराव दिला तर बुद्धी वाढते. त्यासाठी त्यानं लक्ष आणि स्मरणशक्तीचे व्यायामही तयार केले.

1911 मध्ये वयाच्या 54 व्या वर्षी बिने गेला, आणि खरा घोळ त्यानंतर झाला.

1912 मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्ननं मानसिक वयाला खऱ्या वयानं भागलं. 1916 मध्ये अमेरिकेच्या टर्मननं त्याला 100 नं गुणलं आणि आयक्यू घराघरात पोचला. तिकडं बुद्धी जन्मजात आणि कायमची असते असं मानणाऱ्यांच्या हातात ही चाचणी पडली. स्थलांतरितांना परत पाठवायला आणि मतिमंद ठरवलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीला तिचा आधार घेतला गेला.

हीच चाचणी आपल्याकडंही आली. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी तिची नवी आवृत्ती बनवली. बिने-कामत नावानं ती आजही वापरली जाते, शिकताना अडचण येणाऱ्या पोरांना मदत मिळावी म्हणून.

बिनेला चाचणीचा उपयोग एवढ्याचसाठी हवा होता.