अंगणात गेलेली शाळा : कै. ताराबाई मोडक यांचे चरित्र व पिंपळनेरकरांचे कर्तव्य

जून महिना लागला की आमच्या पिंपळनेरच्या पेठेत दप्तरे, पाट्या व गणवेश यांची खरेदी सुरू होते. गेल्या काही वर्षांत या खरेदीत एक नवीन गिऱ्हाईक दिसू लागले आहे. ते म्हणजे तीन-साडेतीन वर्षांचे मूल. त्याच्या पाठीवर त्याला न पेलणारे दप्तर चढविले जाते, आणि दिवाळीपर्यंत त्याने शंभरापर्यंत अंक लिहावे व इंग्रजी अक्षरे घडाघडा म्हणावी, अशी वडिलांची अपेक्षा असते. दुसरीकडे गावाच्या कडेला व पश्चिमेच्या डोंगरपट्टीत त्याच वयाची शेकडो मुले आहेत. त्यांच्याकडून कोणाची कसलीच अपेक्षा नसते. एकावर ओझे, दुसऱ्याकडे पाठ, अशी ही आमची बालशिक्षणाची तऱ्हा आहे. ती बदलावी कशी, हे ज्या एका बाईने जन्मभर करून दाखविले, त्यांचे चरित्र आज आमच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थनासमाजाचे अनुयायी होते, त्यामुळे मुलीने शिकावे की नाही हा प्रश्न त्या घरात उद्भवला नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व कळते. पुढल्या वर्षी अमरावतीच्या एका वकिलांशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार टिकला नाही व १९२१ साली त्या विभक्त झाल्या. पदरी लहान मुलगी, सभोवती लोकनिंदा, अशा स्थितीत दुसरी एखादी खचून गेली असती. ताराबाईंनी राजकोट येथील स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या विद्यालयाचे प्रमुखपद स्वीकारले व स्वतःच्या पायांवर त्या उभ्या राहिल्या.

राजकोटची नोकरी मानाची होती. तरीही ती सोडून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. कारण तेथे गिजुभाई बधेका होते. हे गृहस्थ मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला शिकवावे कसे, या विचाराने त्यांनी इटलीच्या मारिया मॉंटेसरी यांचे ग्रंथ वाचले, वकिलीवर पाणी सोडले आणि १९२० साली बालमंदिर काढले. मॉंटेसरीबाईंनी १९०७ साली रोम शहरातील गोरगरिबांच्या वस्तीत पहिले बालगृह काढले होते, ही गोष्ट आज फारशी कोणी सांगत नाही. त्यांचे नाव आता महागड्या शाळांच्या पाट्यांवर झळकते. मूळ काम मात्र मजुरांच्या मुलांपासून सुरू झाले होते.

या पद्धतीचे मर्म थोडक्यात सांगावयाचे तर असे : लहान मूल आधी हाताने शिकते व मग डोक्याने. त्याच्यापुढे लाकडी दट्ट्या व त्या बसतील अशी भोके ठेवावी. जाड दट्ट्या बारीक भोकात शिरत नाही आणि बारीक दट्ट्या जाड भोकात घातली तर शेवटी एक दट्ट्या हातात उरते. चूक झाली हे मास्तरांनी सांगावे लागत नाही, वस्तूच सांगते. मूल स्वतः पुन्हा मांडते, स्वतः सुधारते, आणि छडीचे काही कारणच उरत नाही.

१९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. गिजुभाईंच्या गुजराती शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती ताराबाई चालवू लागल्या आणि बालशिक्षणाचा विचार महाराष्ट्राच्या घरोघरी नेऊ लागल्या. १९३६ साली मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार काढला, शिक्षिका तयार करण्याची व्यवस्था केली. तीन वर्षांनी गिजुभाई वारले. दादरची संस्था नावारूपास आली होती. येथेच त्या थांबल्या असत्या तर एका चांगल्या शहरी शाळेच्या संचालिका एवढीच त्यांची ओळख राहिली असती.

परंतु शिशुविहारात येणारी मुले बहुतेक पांढरपेशांची होती आणि देश तर खेड्यांत राहत होता. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या व अखेरपर्यंत राहिल्या. बोर्डीस परदेशी साहित्य आणण्यास पैसा नव्हता. आणि पैसा असता तरी ते साहित्य त्या मुलांच्या ओळखीचे नव्हते. तेव्हा शिंपले, खडे, बिया, पाने, बांबूचे तुकडे हेच साहित्य झाले. शिंपले लहान-मोठे लावता लावता क्रम कळतो, बियांच्या राशी करता करता संख्या कळते. मॉंटेसरीबाईंचे तत्त्व राहिले आणि त्याचा खर्च गेला.

यापुढची गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतील व आदिवासी पाड्यांवरील मुले तिच्याकडे फिरकेनात. कोणी आईबरोबर मजुरीवर जाई, कोणी धाकट्या भावंडास सांभाळी, कोणाला गावातील घरांपाशी जाण्याचीच भीती वाटे. अशा वेळी लोकांना शिक्षणाची आवडच नाही असा शेरा मारून मोकळे होणे ही आमच्याकडील रीत आहे. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असा साधा निर्णय त्यांनी घेतला. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. मुलांना आंघोळ घालावी, केस विंचरावे, नखे काढावी आणि मग गाणी, गोष्टी, बियांचे व शिंपल्यांचे खेळ मांडावे, असा तो क्रम होता. अंगणवाडी हा शब्द असा अंगणातून जन्मला आहे. तो कोणा कचेरीत बनलेला नाही.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीमध्ये गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आली, म्हणजे कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवून थोरली बहीण वर्गात बसू शकली. गुरे राखणारी मुले तरीही उरलीच. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली : गुरे चरतात तेथेच शिक्षकाने जावे व तेथेच शिकवावे. १९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

नाव गेले; काम किती गेले? आमच्या गावात कोणासही विचारावे. अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळण्याचे व लस टोचण्याचे ठिकाण, अशीच बहुतेकांची समजूत आहे. खाऊ व लस या आवश्यक गोष्टी आहेतच. त्यांस नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु खेळातून शिकविणे हा जो तिचा प्राण, त्याची चौकशी गावातील प्रतिष्ठित मंडळी करीत नाहीत, कारण त्यांची मुले तेथे जात नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पाया मानला व खेळ आणि घरची भाषा यांस मान दिला. ताराबाईंनी जे आधीच करून दाखविले होते, ते आता कागदावर आले. कागदावरून अंगणात आणणे हे आमच्या हाती आहे.

व्यापारी वाचक विचारतील की, आम्ही करावे तरी काय? त्यांना आमचे सांगणे असे की, तुमच्या दुकानाइतकी चांगली बालवाडी शोधून सापडणार नाही. कांद्याच्या ढिगातून मोठा, मध्यम व गोल्टी असे तीन वाटे करावयास चार वर्षांच्या मुलास सांगा. दट्ट्या व भोके यांचा धडा झाला. तागडीच्या एका पारड्यात बटाटा व दुसऱ्यात लिंबे घालू द्या. जड-हलके त्याला पुस्तकावाचून कळेल. बाजरी, तूर, मूग व मका यांच्या चिमटी कापडाखाली ठेवून बोटांनी ओळखावयास लावा. धान्याचा कस तुम्ही स्वतः तळहातावर घेऊन ओळखता, पुस्तक वाचून नव्हे. मग मुलाने तरी आधी पुस्तक का धरावे? मात्र बारीक दाणे नाकाकानात घालण्याचे हे वय आहे, तेव्हा एका मोठ्या माणसाचे लक्ष तेथे असलेच पाहिजे.

घरी आयांनीही असेच करावे. तांब्यातून पेल्यात न सांडता पाणी ओतणे, पोळीचे पीठ मळणे, धुतलेल्या कपड्यांतून आपापल्याच्या घड्या वेगळ्या करणे, यांतून मनगट व बोटे तयार होतात. त्यांच्याशिवाय पेन्सिल धरविली तर अक्षर वाकडे व मन विटलेले, एवढेच पदरी पडते. पांझरेच्या काठी फिरावयास न्यावे, गोटे गोळा करावे, घरी येऊन रंगांप्रमाणे मांडावे. श्रावणात कानबाईची गाणी घरोघर होतात. त्यांच्या तालावर टाळ्या वाजविणे हा मोजणीचा पहिला पाठ होय.

भाषेविषयी दोन शब्द अवश्य सांगावयाचे आहेत. आमच्या घरात अहिराणी बोलतात. डोंगरपट्टीत कोकणी, मावची व भिल्ली बोलतात. शाळेच्या पहिल्याच दिवशी मुलाची बोली अशुद्ध ठरवून त्याला गप्प बसविले, तर त्याने पुन्हा तोंड का उघडावे? गोष्ट प्रथम त्याच्या बोलीत सांगावी, मग मराठीत, आणि इंग्रजीची वेळ त्यानंतर. बोली ही शाळेची पहिली पायरी आहे. ती गाळून वर चढता येत नाही.

आता एक व्यावहारिक सूचना करून हा लेख पुरा करतो. प्रत्येक दुकानदाराने आपल्या जवळच्या अंगणवाडीस वर्षातून एकदा आपल्या दुकानात निरुपयोगी ठरलेले सामान द्यावे : शिंप्याने रंगीत चिंध्या, सुताराने गुळगुळीत घासलेले लाकडी तुकडे, किराणावाल्याने रिकामे डबे व जुनी तागडी. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे महिन्यातून एक तास तेथे जाऊन बसावे व मुले काय करतात ते पाहावे. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले कोठे असतात, त्यांच्यामागे शाळा जाते की नाही, याची विचारपूस ग्रामसभेत करावी. कुरणापर्यंत शाळा गेली होती, ती उसाच्या फडापर्यंत जाऊ शकत नाही असे आम्हांस वाटत नाही.

ताराबाईंच्या नावाने आणखी एक इमारत बांधावी, असे आम्ही म्हणत नाही. इमारतीत मूल येईल याची वाट त्यांनी पाहिली नव्हती. पिंपळनेरकरांनीही ती पाहू नये. उंबरठा ओलांडून शेजारच्या अंगणात जावे, एवढीच आमची विनंती आहे.