ओवीतला नाताळ

करजणला आमच्या आळीत मराठी घरे दोन-तीनच. शाळा गुजराती, बाजार गुजराती. मराठी टिकली ती आजीच्या ओव्यांत. तिला अक्षरओळख नव्हती, पण ओव्या मात्र शेकड्यांनी पाठ. नाताळात रेडिओवर इंग्रजी कॅरोल लागल्या की ही गाणी साहेबाची आणि ओवी आपली, अशी माझी सरळ वाटणी असे. ती पुढे एका साहेबानेच मोडली.

फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातल्या विल्टशायरचे. जन्म १५४९ चा. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथॉलिकांचे दिवस कठीण होते. ते रोमला गेले, १५७५ मध्ये जेझुइट झाले आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, बहुतेक साष्टीत गेली. १५८३ सालीच भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांचे ग्रीक-लॅटिनशी असलेले साम्य नोंदले. विल्यम जोन्सने तीच गोष्ट सांगितली ती १७८६ मध्ये. त्यांचे कोंकणीचे व्याकरण मात्र १६४० साली, त्यांच्या पश्चात, रायतूरला छापले गेले. त्याच्या नावात कोंकणीला 'कानारी' म्हटले आहे. आपल्या कन्नड विभागातील मित्रांना याची गंमत वाटेल.

साष्टीत त्या काळी देवळे पाडली गेली होती, पोथ्या जाळल्या गेल्या होत्या. बाटलेल्या माणसांची पुराणे गेली आणि त्या जागी काहीच आले नाही. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो, की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर नवी का देत नाही? हा प्रश्न ज्या पाद्र्याला ऐकू आला त्याचे मला मोठे कौतुक वाटते. मात्र पोथ्या बंद करणारेही त्याच्याच पंथाचे होते, हे विसरता येत नाही.

उत्तर म्हणून १६१६ मध्ये रायतूरला 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. लिपी रोमन, भाषा मराठी, छंद ओवीचा. दोन पुराणे, पंचाण्णव अवस्वर, सुमारे अकरा हजार ओव्या. शाळेत आपण त्यातली मराठीची स्तुती तेवढी वाचतो. पण दुसऱ्या पुराणात बेथलेहेमची रात्र आहे, देवदूत आहेत, मेंढपाळ आहेत. युरोपात लॅटिन उपासनेच्या बाहेर लोकांनी आपापल्या बोलीत येशूजन्म गायला, त्यातून कॅरोल वाढल्या. तेच काम साष्टीत ओवीने केले. देवळात रविवारी, सणावारी हे पुराण गायिले जाई.

पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवरच बंदी घातली. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उरलेली नाही. ग्रंथ वाचला तो हाताने उतरवून घेणाऱ्यांमुळे आणि गाणाऱ्यांमुळे. गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी वह्या बरोबर नेल्या. १७८४ मध्ये टिपूने मंगळूरकडच्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला नेले. १७९९ पर्यंतच्या त्या बंदिवासात या पुराणाने धीर दिला, असे त्यांच्यात परंपरेने सांगतात. अशीच हस्तलिखिते जमवून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले. म्हणजे मराठीचा हा ठेवा कर्नाटकाने सांभाळला! त्याच सुमारास इंग्लंडात सेसिल शार्प खेडोपाडी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून कॅरोल उतरवून घेत होता. त्याचा संग्रह १९११ चा.

देवनागरीत छापलेले 'ख्रिस्तपुराण' मराठी वाचकाच्या हाती आले ते १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्यामुळे. ती आवृत्ती मी प्रथम हाती घेतली तेव्हा येशूजन्माचा भाग काढून मोठ्याने वाचू लागलो. दोन ओव्या अडखळत गेल्या. तिसरीला आजीची चाल आपोआप लागली.