चंडीगडचा पेच आणि हिदायतुल्ला

चंडीगडमध्ये विधानसभा आणि उच्च न्यायालय एकाच विस्तीर्ण चौकाच्या दोन टोकांना समोरासमोर उभे आहेत. मार्च १९६८ मध्ये हे अंतर अचानक आक्रसले. पंजाब विधानसभेचे अध्यक्ष जोगिंदरसिंग मान यांनी ऐन अर्थसंकल्पी अधिवेशनात सभागृह दोन महिन्यांसाठी तहकूब केले. ३१ मार्चपूर्वी मंजुरी न मिळाल्यास लछमनसिंग गिल सरकारला खजिन्यातून पैसाही काढता आला नसता. राज्यपाल डी. सी. पावटे यांनी अधिवेशन संस्थगित केले, आर्थिक कामकाज संपेपर्यंत सभागृहाच्या संमतीविना तहकुबी नको, असा वटहुकूम काढला आणि सभागृह पुन्हा बोलावले. १८ मार्चला अध्यक्षांनी तेही तहकूब केले. उपाध्यक्षांनी आसन घेतले आणि विनियोजन विधेयके संमत झाली. उच्च न्यायालयाने ती अवैध ठरविली.

अपील सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा सरन्यायाधीशपदी मोहम्मद हिदायतुल्ला होते. जन्म लखनौचा, १९०५ चा. पण घडण नागपूरची. मॉरिस कॉलेज, मग केंब्रिज आणि १९३० पासून नागपुरात वकिली. तेथील उच्च न्यायालयाचेच ते १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. १९५८ मध्ये दिल्लीत आले.

त्यांच्याकडून विधिमंडळाला चपराक अपेक्षित धरणाऱ्यांना आधारही होता. पंजाबच्याच जमीन कायद्यातून उद्भवलेल्या गोलकनाथ खटल्यात, फेब्रुवारी १९६७ मध्ये, घटनादुरुस्ती करूनही संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही, असा निर्णय सहा विरुद्ध पाच मतांनी झाला. हिदायतुल्ला स्वतंत्र निकालपत्र लिहून त्या सहांत होते.

तरीही ३० जुलै १९६८ रोजी त्यांनी उच्च न्यायालयाचा निर्णय फिरविला. राज्यपालांची कृती घटनेच्या चौकटीत होती, वटहुकूम अध्यक्षांवरही बंधनकारक होता आणि विनियोजन कायदे वैध होते, असा त्या निकालाचा आशय. वरवर ही विसंगती वाटते. ती तशी नाही. गोलकनाथमध्ये नागरिकाचा हक्क पणाला होता, येथे सभागृहाचे स्वतःचे काम. एका व्यक्तीच्या आदेशाने विधिमंडळच ठप्प होणे म्हणजे विधिमंडळाचे स्वातंत्र्य, हे त्यांना मान्य नव्हते.

१९६९ मध्ये ते महिनाभर हंगामी राष्ट्रपती होते. निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १५ डिसेंबर १९७० ला, संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश रद्द करणाऱ्या बहुमतात ते होते. गोलकनाथ मात्र १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात मोडीत निघाला. संसदेवरील मर्यादा मूलभूत चौकटीच्या रूपाने उरली.

१९७९ मध्ये ते बिनविरोध उपराष्ट्रपती झाले आणि १९८४ पर्यंत राज्यसभेचे सभापती राहिले. सभागृह तहकूब करण्याचा अधिकार आता त्यांच्याच हाती होता. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.