खातेवहीचा धडा

मुनीम सोडून गेला म्हणून फैजपूरच्या व्यापाऱ्यास दुकान बंद करावे लागत नाही. रोजकीर्द व खतावणी मागे असतात. सार्वजनिक कामांत मात्र अधिकाऱ्याची बदली झाली की कामाची माहितीही त्याच्याबरोबर जाते, नवा मनुष्य पुन्हा श्रीगणेशा करतो, आणि त्याचा भुर्दंड करदात्याच्या माथी बसतो. या दुखण्यावर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे चरित्र चांगले औषध आहे.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी येथे १८६१ साली जन्मलेले विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले व १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात शिरले. त्यांची आरंभीची नोकरी आमच्या खानदेशातही झाली. धुळ्याकडील दातर्ती गावी पांझरेच्या प्रवाहापलीकडे नळाने पाणी नेण्याचे काम त्यांनी पूर व गाळ यांस तोंड देऊन तडीस नेले.

पुढे १८९९ च्या सुमारास नीरा कालव्यावर त्यांनी गटपद्धती घातली. जमिनीचे गट पाडून पिकांची फेरपालट ठरविली, म्हणजे थोडक्यांच्या उसास जाणारे पाणी अधिक गावांस पोचावे. शेतकऱ्यांचा विरोध झाला, तेव्हा त्यांची समजूत घालण्यात आली. नियम कागदावर आल्यामुळे पाण्याची वाटणी कोणा एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिली नाही, हे त्या पद्धतीचे मर्म होय.

१९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य एंजिनियर झाले. १९११ साली तेथे आर्थिक परिषद स्थापन झाली. तीत अधिकारी व बिनसरकारी गृहस्थ शिक्षण, शेती व उद्योग यांचा एकत्र विचार करीत. १९१२ पासून सहा वर्षे ते दिवाण होते. त्यांच्या कारकीर्दीत निघालेली बँक व विद्यापीठ त्यांच्या पश्चातही चालू राहिली.

मागासलेल्या वर्गांस नोकऱ्यांत राखीव वाटा देण्यास त्यांचा विरोध होता, हे मात्र आम्हांस मान्य नाही. ज्ञान वाटावयाचे, तर ते वापरण्याचे अधिकारपदही वाटले पाहिजे.

शंभरी ओलांडून १९६२ साली ते निवर्तले. त्यांचे पुतळे पुष्कळ झाले. आता वही हवी. प्रत्येक नळयोजनेचे नकाशे, दुरुस्त्या, खर्च व झालेल्या चुका मराठीत लिहून ठेवाव्या, जाणाऱ्याने येणाऱ्यास ती वही सहीनिशी द्यावी, आणि नागरिकांस ती पाहता यावी. १९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन पार पाडणाऱ्या फैजपूरने एवढे मनावर घेतल्यास ते अवघड नाही.