विश्लेषण : पोर्शे यांचे नाव मिळालेला ‘फर्डिनांड’ कुर्स्कमध्ये का अडकला?

पोर्शे म्हटले की डोळ्यांसमोर येते ती बुटकी, वेगवान स्पोर्ट्स कार. फोक्सवॅगनची बीटल हीदेखील याच घराण्यातली. पण या नावाचे मूळ धनी डॉ. फर्डिनांड पोर्शे यांचे पहिले नाव दुसऱ्या महायुद्धात देण्यात आले ते ६५ टनांच्या एका जर्मन रणगाडासंहारकाला. शत्रूचा रणगाडा दूरवरून फोडणारी तोफ आणि समोरून अभेद्य वाटणारे चिलखत त्याच्याकडे होते. तरीही १९४३च्या उन्हाळ्यात पहिल्याच मोठ्या लढाईत त्यातले कित्येक जागच्या जागी सोडून द्यावे लागले. हे का घडले, ते समजून घ्यायला पोर्शे यांचे आयुष्यच पाहावे लागते. त्याविषयी...

विजेचा नाद कुठून लागला?

पोर्शे यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५चा. गाव माफर्सडॉर्फ. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या बोहेमिया प्रांतात होते, आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडिलांचा पत्र्याच्या कामाचा कारखाना होता आणि मुलाने तोच धंदा सांभाळावा अशी त्यांची इच्छा होती. मुलगा मात्र दिवसभर कारखान्यात राबून संध्याकाळी जवळच्या रायशेनबर्ग शहरात तांत्रिक शाळेच्या वर्गाला जाऊन बसे. वडिलांना हा नाद पसंत नव्हता. पण पोराने खटपट करून घरात विजेचे दिवे लावून दाखवले, तेव्हा त्यांचाही विरोध मावळला. अठराव्या वर्षी पोर्शे व्हिएन्नाला गेले, विद्युत उपकरणांच्या कंपनीत लागले. कामातून सवड काढून तिथल्या तंत्र विद्यापीठात नाव न नोंदवताच व्याख्याने ऐकत. पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. नावामागचे डॉक्टर हे पुढे मिळालेल्या मानद पदवीचे.

१९००च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात व्हिएन्नाच्या लोहनर कंपनीची एक मोटार गाजली. तिच्या चाकांच्या तुंब्यांतच विजेच्या मोटारी बसवलेल्या होत्या. रचना पोर्शे यांची, वय पंचविशीच्या आत. अडचण एकच होती, शिशाच्या बॅटऱ्यांचे अवजड वजन. त्यावर पोर्शे यांनी तोड काढली. गाडीत पेट्रोल इंजिन ठेवायचे, त्याने जनित्र फिरवायचे आणि तयार झालेली वीज चाकांतल्या मोटारींना द्यायची. गिअरबॉक्स नाही, क्लच नाही, साखळी नाही. आज ज्याला हायब्रिड म्हणतात, त्याचे हे फार जुने रूप.

ही कल्पना पुढे पहिल्या महायुद्धात कामी आली. ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीत असताना पोर्शे यांनी स्कोडाच्या प्रचंड तोफा ओढणारी वाहने आणि रस्त्यावरून धावणाऱ्या आगगाड्या बनवल्या. पुढच्या गाडीतले इंजिन वीज तयार करी आणि मागच्या डब्यांच्या चाकांतल्या मोटारींना पुरवी. एका इंजिनाच्या जोरावर आख्खा तांडा डोंगराळ वाटा चढत असे. गिअर तुटण्याची भीती नाही, चालकाला कसरत नाही. जड ओझे हलवायचे तर वीजच, हा पोर्शे यांचा विश्वास इथे पक्का झाला. तोवर तरी त्यात चूक काही नव्हते.

हिटलरच्या मर्जीत कसे आले?

१९२३मध्ये पोर्शे जर्मनीत श्टुटगार्टला डाइमलर कंपनीत गेले. मर्सिडीजच्या एसएसकेसारख्या दणकट स्पोर्ट्स मोटारी तिथल्याच. पण संचालकांशी त्यांचे फार काळ पटले नाही. अशी भांडणे आधीही झाली होती. अखेर १९३१मध्ये श्टुटगार्टलाच त्यांनी स्वतःचे अभियांत्रिकी कार्यालय थाटले. त्यात भागीदार होते जावई आंतोन पिएख आणि शर्यतपटू आडोल्फ रोझेनबर्गर. रोझेनबर्गर ज्यू होते. १९३५मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले, त्याच वर्षी नाझींनी त्यांना छळछावणीत डांबले आणि सुटल्यावर त्यांना देश सोडावा लागला. कंपनीच्या इतिहासात त्यांचे नाव पुढे बरीच दशके दबूनच राहिले.

हिटलर हा मोटारींचा शौकीन, जन्माने ऑस्ट्रियाचा आणि मोठमोठ्या यंत्रांवर फिदा होणारा. सामान्य जर्मन कुटुंबाला परवडेल अशा मोटारीची रचना करण्याचे काम १९३४मध्ये पोर्शे यांच्याकडे आले. पुढे तीच बीटल झाली. १९३७मध्ये पोर्शे नाझी पक्षाचे सदस्य झाले. राजकारणाशी आपल्याला देणेघेणे नाही असा त्यांचा पवित्रा असे. पण सत्तेच्या इतक्या जवळ बसून तो कितपत खरा मानायचा, हा प्रश्न उरतोच. युद्ध सुरू झाल्यावर हिटलरने त्यांना रणगाडे आयोगाचे प्रमुख केले. आता ते रणगाड्यांबाबत सल्ला देणारेही होते आणि स्वतःचा रणगाडा विकणारेही.

चाचणीआधीच शंभर सांगाडे?

१९४१मध्ये जर्मनीला नवा अवजड रणगाडा हवा होता, तोच पुढे ‘टायगर’ म्हणून ओळखला गेला. स्पर्धेत दोघे होते, हेन्शेल कंपनी आणि पोर्शे. हेन्शेलने नेहमीचा गिअरबॉक्स ठेवला. पोर्शे यांनी आपली जुनी कल्पना पुन्हा काढली. हवेने थंड होणारी दोन पेट्रोल इंजिने, त्यांवर जनित्रे आणि मागच्या दोन्ही चक्रांना एकेक विजेची मोटार.

कागदावर यात तथ्य होते. पन्नास टनांहून जड वाहन वळवताना गिअरबॉक्सवर जीवघेणा ताण येतो आणि हेन्शेलच्या टायगरलाही तो त्रास कायम राहिला. विजेने हा ताण टळतो, वेग आणि वळण सहज साधते. पण त्यासाठी मणामणाने तांबे लागते आणि युद्धात सापडलेल्या जर्मनीकडे नेमकी तांब्याचीच टंचाई होती. शिवाय जनित्रे आणि मोटारींचे वजन वाढते ते वेगळेच. हवेने थंड होणारी ती नवी इंजिने तर तापत आणि बंद पडत.

२० एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवशी, पूर्व प्रशियातल्या रास्टेनबर्गला दोन्ही रणगाडे त्याच्यापुढे उभे करण्यात आले. नंतरच्या चाचण्यांत हेन्शेलची निवड झाली. तोवर एक घोळ होऊन बसला होता. हिटलरची मर्जी गृहीत धरून पोर्शे यांच्या रणगाड्याच्या शंभर सांगाड्यांचे काम आधीच देऊन टाकले होते. ऑस्ट्रियातल्या सांक्ट व्हॅलेंटीनच्या निबेलुंगेन कारखान्यात ते पोलाद पडून होते. त्याचे करायचे काय? उत्तर निघाले, यातून रणगाडासंहारक बनवा. गरज ओळखून आखलेले असे हे यंत्र नव्हतेच. उरलेल्या मालातून ते निघाले.

ताकद नेमकी कशात होती?

रणगाड्यावरची तोफ फिरत्या टरेटमध्ये असते. रणगाडासंहारकाला टरेट नसतो. तोफ पोलादी खोलीत बसवलेली असते आणि ती डावी-उजवीकडे थोडीच वळते. त्या बदल्यात तेवढ्याच सांगाड्यावर कितीतरी मोठी तोफ आणि जाड चिलखत घेता येते. ‘फर्डिनांड’ला मिळाली ८.८ सेंटिमीटरची नवी लांब नळीची तोफ. एक किलोमीटरवरून ती दीडशे मिलिमीटरहून जाड पोलाद भेदू शकत होती. रशियाच्या टी-३४ रणगाड्याचे पुढचे तिरके चिलखत ४५ मिलिमीटरचे होते, यावरून फरक कळावा. उलट ‘फर्डिनांड’चे समोरचे चिलखत २०० मिलिमीटर. टी-३४ची ७६ मिलिमीटर तोफ ते समोरून कोणत्याही अंतरावरून फोडू शकत नव्हती. तापणारी इंजिने काढून त्याजागी मायबाख कंपनीची दोन पाण्याने थंड होणारी इंजिने वाहनाच्या मध्यभागी बसवण्यात आली. वीजव्यवस्था तशीच राहिली.

त्यामुळे सहा जणांची तुकडी दुभंगली. चालक आणि रेडिओवाला पुढे, चौघे मागच्या तोफखान्यात आणि मध्ये धडधडणारी इंजिने. एकमेकांशी बोलायचे ते यंत्रावरूनच. जवळ आलेल्या पायदळाला रोखायला बाहेर तोंड काढलेली एकही मशीनगन नव्हती. टाकीत सुमारे ९५० लिटर पेट्रोल मावत असे आणि त्यावर चांगल्या रस्त्यानेही जेमतेम दीडशे किलोमीटर जाता येई.

कुर्स्कमध्ये काय घडले?

५ जुलै १९४३ला कुर्स्कची लढाई सुरू झाली. उत्तर आघाडीवर ८९ ‘फर्डिनांड’ एकत्र उतरवण्यात आले. त्यांना काम दिले गेले ते सोव्हिएत बचावफळी फोडण्याचे. इथेच गणित चुकले. दूर दबा धरून बसायचे आणि येणारे रणगाडे टिपायचे यासाठी योग्य असलेले वाहन सुरुंगांच्या शेतात पुढे रेटण्यात आले. वाट मोकळी करायला रिमोटवर चालणाऱ्या स्फोटकगाड्या दिल्या होत्या. पण तोफांच्या माऱ्यात मोकळी झालेली वाट ओळखू येईना. सुरुंग फुटला की साखळी तुटे, चाकांचे आस वाकत. साधा रणगाडा अशा वेळी ओढून मागे नेतात. ६५ टनांचे धूड ओढायला अनेक अवजड ट्रॅक्टर एकाच वेळी लागत, तेही गोळ्यांच्या वर्षावात. मग वाहन तिथेच सोडायचे.

पोनिरी गावाजवळ सोव्हिएत तज्ज्ञांनी निकामी पडलेले २१ ‘फर्डिनांड’ तपासले. बहुतेकांचा घात सुरुंगांनी किंवा चाकां-साखळ्यांवर बसलेल्या तोफगोळ्यांनी झाला होता. समोरचे चिलखत फोडल्याचे उदाहरण नव्हते. मशीनगन नसल्यामुळे पायदळाने ‘फर्डिनांड’चा फडशा पाडला, ही नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अर्धवटच आहे. ती उणीव खरीच, पण मोठा शत्रू निघाला तो स्वतःचा भार.

याची दुसरी बाजूही आहे. पुढे ओरेलच्या माघारीत आणि नीपर नदीच्या परिसरात हीच वाहने बचावासाठी मोकळ्या माळावर उभी राहिली, तेव्हा त्यांची तोफ फार भारी पडली. त्यांच्या रेजिमेंटने पाचशेहून अधिक सोव्हिएत रणगाडे टिपल्याचा दावा केला. युद्धातल्या अशा दाव्यांत फुगवटा असतो, तो वजा केला तरी हिशेब जर्मनांच्या बाजूचाच राहतो.

नाव बदलले, वजन तेच?

उरलेली ४८ वाहने कारखान्यात परत नेऊन दुरुस्त करण्यात आली. पुढे मशीनगन बसली, कमांडरला बाहेर पाहायला काचांचा घुमट मिळाला. १९४४मध्ये नावही बदलून ‘एलेफंट’ झाले. अकरा वाहने इटलीत अँझिओच्या आघाडीवर गेली. तिथले अरुंद डोंगरी रस्ते आणि हलके पूल पाहता हत्तीला माजघरात बांधण्याचाच तो प्रकार होता. सुटे भाग मिळत नसल्याने बिघडलेली वाहने त्यांच्याच चालकांना उडवून द्यावी लागली.

हीच ८.८ सेंटिमीटरची तोफ पँथर रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवून ‘याग्डपँथर’ झाला. वजन ४६ टनांच्या आसपास, पुढचे चिलखत ८० मिलिमीटरच, पण तिरके. जर्मन अवजड रणगाडासंहारकांत तोच सर्वांत समतोल म्हणावा लागेल. त्याचाही गिअर ते चक्र यांमधला भाग कच्चा होता आणि तो चारशेच्या घरातच तयार होऊ शकला. याउलट ‘याग्डटायगर’ने कळस गाठला. १२.८ सेंटिमीटरची तोफ, २५० मिलिमीटर चिलखत, सत्तर टनांहून अधिक वजन आणि ते ओढायला पँथरचेच ७०० अश्वशक्तीचे इंजिन. यातील सुरुवातीच्या दहा-अकरा वाहनांना पोर्शे यांनी आखलेले सस्पेन्शन होते. ते बनवायला सोपे होते, पण चाचणीत टिकले नाही. सुमारे ऐंशी ‘याग्डटायगर’ बनले आणि त्यांतले बरेच बिघाड किंवा इंधनटंचाईमुळे त्यांच्याच सैनिकांनी नष्ट केले. या सगळ्यांपेक्षा जर्मन सैन्याला खरा हात दिला तो ठेंगण्या, स्वस्त ‘श्टुग’ने. ती वाहने हजारोंनी बनली.

पोर्शे यांना मात्र आणखी मोठे काही हवे होते. ‘माऊस’, म्हणजे उंदीर, या नावाचा १८८ टनांचा रणगाडा त्यांनी आखला. चालवायची व्यवस्था पुन्हा विजेचीच. त्याला पेलेल असा पूल मिळणे कठीण, म्हणून नदीच्या तळातून जाण्याची योजना होती. दोनच नमुने झाले.

पोलाद कुणाच्या हातांनी घडले?

पोर्शे आणि पिएख फोक्सवॅगनचा कारखाना चालवत असताना तिथे लष्करी गाड्या आणि व्ही-१ उडते बॉम्ब तयार होत. हे काम करणाऱ्यांत पोलंड आणि सोव्हिएत संघातून ओढून आणलेले मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी होते. या मजूर स्त्रियांची तान्ही मुले त्यांच्यापासून तोडून कारखान्याच्या पाळणाघरात ठेवली जात. र्‍युएन गावातल्या अशा ठिकाणी शेकडो अर्भके उपासमारीने आणि आजाराने दगावली. पोर्शे यांच्या अभियांत्रिकीची वाखाणणी करणाऱ्या अनेक चरित्रांत ही मुले सापडत नाहीत.

डिसेंबर १९४५मध्ये फ्रेंचांनी बाडेन-बाडेन इथे त्यांना अटक केली. प्यूजो कारखान्यातील सक्तीच्या मजुरांसंबंधी त्यांच्यावर आरोप होते. वीस महिने कैदेत गेले, त्यांतला काही काळ रेनोच्या नव्या छोट्या मोटारीवर सल्ला देण्यात. ऑगस्ट १९४७मध्ये मोठी जामीन रक्कम भरून सुटका झाली, पुढे त्या आरोपांतूनही ते मोकळे झाले. तब्येत मात्र ढासळली होती. १९४८मध्ये मुलगा फेरी याने पोर्शे नावाची पहिली स्पोर्ट्स कार रस्त्यावर आणली. १९५०च्या नोव्हेंबरात पोर्शे व्होल्फ्सबुर्गला जाऊन रांगेने बाहेर पडणाऱ्या बीटल पाहून आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना पक्षाघात झाला आणि ३० जानेवारी १९५१ रोजी श्टुटगार्टमध्ये त्यांचे निधन झाले.

नव्वदच्या आसपास बनलेल्या ‘फर्डिनांड’पैकी आज दोनच शिल्लक आहेत. एक सोव्हिएत सैन्याने कुर्स्कच्या लढाईत पकडलेला, तो मॉस्कोजवळ कुबिंका इथे आहे. दुसरा इटलीत अमेरिकी सैन्याच्या हाती लागलेला ‘एलेफंट’, तो अमेरिकी लष्कराच्या संग्रहात आहे.